आपल्या मानसिक आजाराबद्दल कसं लिहावं: खानदेशातल्या लिहित्या माणसांसाठी

आमच्याकडे कुणी महिना-दोन महिने दिसेनासं झालं की घरचे दोनच उत्तरं देतात. पुरुष असेल तर "सुरतला कामाला गेलाय", बाई असेल तर "माहेरी पाठवलंय, तब्येत बरी नसते". ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं, सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, आणि विषय कापसाच्या भावाकडे वळतो. ज्यांना या दोन उत्तरांच्या पुढे जाऊन स्वतःचं लिहायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

मला बायपोलरचा आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात फार वर चढतं, कधी नैराश्यात खोल जातं. त्यावर बरीच वर्षं लिथियम हे औषध चालू आहे. स्वतःचं थोडं लिहून झाल्यावर ओळखीपाळखीतून लोक आपापल्या वह्या वाचायला देऊ लागले. त्या वाचून माझं एक मत पक्कं झालं: या विषयात लिहिण्याआधी गोळा करण्याचं काम जास्त असतं. कारण ज्याच्यावर हे सगळं गुदरलं, त्यालाच त्यातलं सगळ्यात कमी आठवत असतं. अशी माणसं आठवणींतली भोकं बुजवायला पुस्तकी वाक्यं घालतात आणि वही तिथेच मरते.

लिहायला कधी बसायचं

आजार भरात असताना पुस्तक सुरू करू नका. तारीख घालून दोन ओळी टिपल्या तर हरकत नाही. उन्माद चढत असतो तेव्हा शब्द इतके भराभर येतात की आपण आजवर उगाच गप्प बसलो असं वाटतं. पुढे तीच वही उघडली की निम्मी पानं स्वतःलाच लागत नाहीत. ती वही फाडू मात्र नका. अक्षर कुठे मोठं होत गेलं, ओळी कुठे समासात घुसल्या, हे नंतर कामाला येतं.

तब्येत स्थिर झाली की डॉक्टरांना सांगा, मी लिहायला घेतोय. परवानगी मागायची म्हणून नाही. जुनं उकरताना झोप किंवा भूक बिघडली तर त्यांना कारण माहीत असावं. रात्री लिहू नका. झोप मोडणं हे बायपोलरमध्ये उन्माद उसळण्याचं नेहमीचं निमित्त आहे, आणि लेखकांच्या रात्रीच्या जागरणाचं जे कौतुक होतं ते आपल्याला परवडणारं नाही. सकाळी चहा झाल्यावर तासभर पुरतो.

घरातल्या एका माणसाला "आता थांब" म्हणायचा हक्क देऊन ठेवा, आणि कोणत्या खुणा दिसल्यावर म्हणायचं ते दोघांनी मिळून कागदावर लिहा. मध्यरात्री वही उघडणं, लिहिलेलं वाचून दाखवायला अर्ध्या गावाला फोन करणं, किंवा उलट, एकच प्रसंग उगाळत दिवसभर अंथरुणात पडणं. अशी खूण दिसली की वही कपाटात आणि किल्ली त्या माणसाकडे. फारच बिनसलं आणि डॉक्टर लगेच भेटत नसतील तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करता येतो. ऑक्टोबर २०२२ पासून ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही.

आधी कागद

प्रत्येक घरात एक पिशवी असते, बहुधा मेडिकलवाल्याच्याच नावाची, खिळ्याला टांगलेली नाहीतर पेटीत तळाला. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ततपासणीचे रिपोर्ट, बिलं. ती जमिनीवर उपडी करा आणि तारखेप्रमाणे लावा. कोणती गोळी केव्हा सुरू झाली, केव्हा वाढली, मध्येच चार महिने चिठ्ठीच नाही, म्हणजे तेव्हा औषध सोडलं होतं. एकही वाक्य लिहिण्याआधी हा सांगाडा हातात येतो.

कागद हरवले असतील तर मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ प्रमाणे स्वतःच्या उपचारांची मूलभूत कागदपत्रं पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे. साधा लेखी अर्ज करा, पोच घ्या. डॉक्टरांसाठी २००२ पासून जे नियम आहेत त्यांत दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असं आहे. त्याहून जुनं असेल तर मिळेलच असं नाही, म्हणून उशीर करू नका. अर्ज केल्यावर "कशाला पाहिजे?" असं विचारतीलच. पुस्तक लिहायचंय हे सांगायची गरज नाही.

दवाखान्याच्या कागदांपेक्षा मला घरचे कागद जास्त बोलके वाटतात. पासबुक बघा. उन्मादाचे दिवस नोंदींत स्वच्छ दिसतात: सकाळपासून काढलेले पैसे, एकाच दुकानाला तीनदा दिलेले. फोनमधले जुने मेसेज पाहा, वेळेसकट. आणि भिंतीवरचं कालनिर्णय टाकून दिलं नसेल तर ते शोधा. मी आजारी पडले त्या वर्षीच्या एका पानावर दुधाचा हिशेब माझ्या अक्षरात आहे, "एक, एक, दीड". मग सलग कोरे चौकोन. मग सासूबाईंच्या वाकड्या अक्षरात "अर्धा". त्यांना लिहायचा कंटाळा; आयुष्यात त्यांनी दुधाचा हिशेब तेवढाच ठेवला असेल. माझ्या डिस्चार्ज कार्डावर "रुग्ण दाखल" एवढंच आहे. त्या दिवसांत घरात काय चाललं होतं, ते त्या पानावर आहे.

तारखा लावणे

आपल्याकडे लोक तारखा सांगत नाहीत. "कानबाईच्या रोटांच्या आदल्या रात्री", "आखाजीला तू झोक्यावर बसलीच नाहीस", "कापूस घरात येऊन पडला होता तेव्हा" असं सांगतात. ते तसंच उतरवून घ्या आणि मग पंचांग घेऊन बसा. कानबाई या देवीचा सण श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. दोन्हींची त्या त्या वर्षीची तारीख सहज मिळते.

मोठ्या कागदावर तीन आडव्या ओळी आखा. पहिलीत आजारात काय घडलं, दुसरीत उपचार, तिसरीत घरात आणि शेतात काय चाललं होतं. तिसरी ओळ लोक गाळतात, आणि वाचणाऱ्याला तीच हवी असते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला ते वर्ष कोणत्याही कापूसवाल्या घराच्या कागदावर असणारच. फक्त "बोंडअळी आली म्हणून आजार आला" असं लिहू नका. या आजारांत अनुवंशाचा वाटा असतो, ताणाचा असतो, आणि कोणाचा किती हे सांगणं कुणाच्याच हातात नाही. दोन्ही गोष्टी शेजारी मांडा आणि पुढे चला.

दुसऱ्यांना विचारा

"मला तेव्हा काय झालं होतं?" असं विचारलं की समोरचा एकतर रडतो, नाहीतर निदान सांगतो. दोन्ही कामाचं नाही. डोळ्यांनी काय पाहिलं ते विचारा. मी कुठे बसले होते? अंगावर काय होतं? पहिला फोन कुणी केला? गाडी कुणाची आणली? एकेकाला वेगळं गाठा. नवऱ्यासमोर सासू वेगळं सांगते आणि सासूसमोर नवरा सांगतच नाही. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा.

माझी आई सांगते, "तू चुलीपुढे बसून बोलत होतीस, चांगलं बोलत होतीस, पण तवा लाल झाला तरी भाकर टाकेना. मी म्हणे, काय व्हयनं तुले, माय?" भाऊ शपथेवर सांगतो की मी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊलच ठेवलं नव्हतं, ओट्यावर होते. मला दोन्ही आठवत नाही. मी दोघांचं लिहिलं आणि पुढे "मला आठवत नाही" असंही लिहिलं. यातलं खरं कोणतं हे ठरवायच्या फंदात पडू नका. आजारपणात घरातला प्रत्येक माणूस वेगळं घर पाहत असतो, आणि ते पानावर आलं पाहिजे.

घराबाहेरच्या साक्षीदारांना विसरू नका. खानदेशात प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. राज्यातली जुनी चार ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार मिळतात, पण बिकट वेळ आली की आजही बरीच घरं भाड्याची गाडी करून रातोरात नाशिक, पुणे किंवा ठाणं गाठतात. तो प्रवास आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक वहीत आहे, आणि बहुतेक ठिकाणी "मग मला पुण्याला नेले" या चार शब्दांत उरकलेला. गाडीवाल्याला विचारा. कन्नडचा घाट की कसारा, कुठे थांबलो, मी उतरून पळाले का, पैसे कुणी मोजले, हे त्याला पक्कं आठवत असतं.

निदान बाजूला ठेवून एक दिवस लिहा

बालपणापासून सुरुवात करू नका. निदानापासूनही नको. जो एक दिवस सगळ्यात नीट उभा राहतोय, तो घ्या, सकाळपासून रात्रीपर्यंत. एका वहीत हे वाक्य होतं: "मला तीव्र नैराश्याने ग्रासले होते व माझा जगण्यातील रस संपला होता." वाक्य शुद्ध आहे आणि कुणाचंही असू शकतं. लिहिणाऱ्या शेतकऱ्याला मी त्या आठवड्यातल्या एका रात्रीबद्दल विचारलं. मग त्यानं जे लिहिलं ते साधारण असं:

"रात्रपाळीची लाईट होती. बारा वाजता मोटार सुरू करायला गेलो. स्टार्टरसमोर उभा राहिलो. हिरवं बटण दाबायचं, एवढंच काम. हात वर जाईना. बॅटरी हातात पेटलेली, किडे येत होते. लाईट गेली तेव्हा कळलं, पहाट झाली. केळीला पाणी मिळालं नाही. बाबांनी विचारलं तर म्हणालो, फ्यूज उडाला."

यात नैराश्य हा शब्द नाही. "फ्यूज उडाला" या थापेत त्या माणसाची सगळी लाज आली. तुमच्याकडेही अशी एखादी थाप असेल. ती शोधा, तिच्यावर पानभर लिहा.

उन्माद लिहिणं अवघड, कारण तेव्हा मजा येत असते. ती मजा लपवू नका. पहाटे तीनला उठून मामांना केळी निर्यातीची योजना समजावून सांगताना मी फार आनंदात होते. मामाही पहिली दहा मिनिटं भारावले होते. तो आनंद आधी तसाच येऊ द्या, पासबुक पुढच्या पानावर उघडा.

आवाज ऐकू येत असतील तर ते काय म्हणत, कोणत्या बाजूनं येत, बाईचा की पुरुषाचा, आणि कोणत्या बोलीत, हे लिहा. अमळनेर-धुळ्याकडच्या माणसाचे आवाज अहिराणीत बोलतात, रावेर-यावलकडच्याचे लेवा बोलीत, सातपुड्यातल्याचे पावरीत किंवा भिलीत. डॉक्टर मात्र प्रमाण मराठीत विचारतात आणि केसपेपरवर इंग्रजीत उतरवतात. "तुनं नाव त्यासनी लिखी लिधं" हे कानात ऐकणारा माणूस डॉक्टरांना "भीती वाटते" एवढंच सांगतो. पुस्तकात आवाजाला त्याची बोली परत द्या. इतर संवादांनाही तेच लागू. निवेदन कोणत्याही मराठीत करा, पण आईला पुण्याची भाषा बोलायला लावू नका.

गोळ्या, शॉक आणि भगत

औषधानं तुमच्या दिवसाचं काय केलं ते लिहा. किती मिलिग्रॅम ते नको. कुणीतरी तेवढा डोस स्वतःच घेऊन पाहतो. ओलान्झापिन या मानसिक आजारावरच्या गोळीनं वजन वाढतं, झोप येते. हे "दुष्परिणाम" म्हणून एका ओळीत सांगण्यापेक्षा लग्नातला ब्लाउज न बसल्याचा प्रसंग लिहा.

लिथियमबद्दल आपल्या भागात लिहिण्यासारखं खूप आहे. हे औषध रक्तात ठरावीक मर्यादेतच राहावं लागतं, म्हणून तपासण्या. घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो आणि लिथियमवरचा माणूस शेतात असतो. हात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, तोल जाणं ही तेव्हा दुर्लक्ष करायची लक्षणं नव्हेत. कापूस वेचून पाठ धरली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी घेतली तरी लिथियम वाढू शकतं. तुमच्यावर असं गुदरलं असेल तर तो प्रसंग तपशिलानं लिहा. दोन घरांना तरी उपयोग होईल.

शॉकबद्दल, म्हणजे डोक्याला विजेचा झटका देऊन करतात त्या उपचाराबद्दल, लोकांच्या डोक्यात सिनेमातली चित्रं आहेत. २०१७ च्या कायद्यानं भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता शॉक देण्यावर बंदी आहे. तुम्हाला त्याआधी, भूल न देता दिले असतील तर तेही स्पष्ट लिहा. शॉकच्या आगेमागेच्या दिवसांची आठवण जाऊ शकते. तिथे रकाना कोरा ठेवा आणि सोबत कोण होतं त्याला बोलू द्या.

भगताकडे, म्हणजे अंगारे-धुपारे करणाऱ्या मांत्रिकाकडे, नेलं होतं का? बहुतेकांना नेलेलं असतं. वह्यांत हा भाग एकतर गाळलेला असतो किंवा नेणाऱ्यांवर राग काढलेला. नेणाऱ्यांनी उसने पैसे घेऊन नेलेलं असतं, हे विसरू नका. तिथे काय झालं, किती पैसे दिले, किती महिने वाया गेले, ते लिहा. मारहाण, चटके, साखळीनं बांधणं झालं असेल तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. तेव्हा जागेचं आणि माणसाचं नाव छापण्याआधी वकिलाला विचारा. आणि सप्तशृंगीच्या चैत्रातल्या पायी वारीनं तुम्हाला खरंच बरं वाटलं असेल तर तेही लपवायचं कारण नाही. गोळ्या चालू ठेवून चाललात की बंद करून, एवढं मात्र लिहा.

जीव नकोसा झाला होता, हे लिहिताना

कसं, कशानं, कुठे, किती, हे लिहू नका. अशाच अवस्थेतला कुणीतरी ते पान वाचत असतो. आदला दिवस लिहा, कुणी थांबवलं ते लिहा, नंतरची सकाळ लिहा. त्या प्रकरणाच्या शेवटी १४४१६ छापा.

"पोलीस येतील का?" असं लोक विचारतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालतात, आणि तिला शिक्षा करत नाहीत. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

नावं आणि भाऊबंद

मुंबईत नाव बदललं की माणूस लपतो. आपल्याकडे "थोरल्या जिभाऊंचा पोस्टातला जावई" एवढं लिहिलं की तीन तालुक्यांना कळतं. म्हणून नावाबरोबर गाव, धंदा, नातं, भावंडांची संख्या यांतल्या दोन-तीन गोष्टी बदला. दोन दीरांचा एक करा. सुरुवातीला सांगून टाका की ओळखी बदलल्या आहेत. वॉर्डातल्या इतर रुग्णांबद्दल तर ओळखू येईल असं अक्षरही नको. त्यांच्या गोपनीयतेचा हक्क तुमच्या पुस्तकामुळे संपत नाही.

ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना तेवढी पानं छापण्याआधी ऐकवा. आईला वाचता येत नसेल तर समोर बसून वाचा. काय सांगायचंय ते आधी नीट ठरवा: चुकीची माहिती दुरुस्त करीन, पण मला काय वाटलं ते बदलणार नाही. घरात लग्नाची मुलगी असेल तर सोयरीक मोडायची भीती खरी असते. अशा वेळी वर्षभर थांबणं किंवा टोपणनावानं छापणं यात कमीपणा नाही. शेवटी निर्णय तुमचा, पण त्या मुलीला विचारल्याशिवाय नको. घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलं म्हणजे तिला विचारलं असं होत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. बदनामी हा गुन्हा आहे (न्याय संहितेचं कलम ३५६), आणि त्यात "खरं आहे म्हणून छापलं" एवढ्यानं भागत नाही. ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. घटस्फोट, मुलांचा ताबा किंवा जमिनीचा दावा चालू असेल तर निकालापर्यंत छापू नका. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. नुसता आजार पुरत नाही, एकत्र राहणं अशक्य व्हावं इतका असावा लागतो. पण समोरचा वकील तुमचंच पुस्तक कोर्टात वाचून दाखवेल. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. सरकारी नोकरीत असाल तर लिहिण्याआधी तो कायदा वाचून ठेवा.

शेवट कसा करायचा, छापायचं कुठे

"आज मी पूर्ण बरा आहे" असा शेवट करायचा मोह आवरा. पुढच्या वर्षी पुन्हा दाखल व्हावं लागलं तर ते वाक्य तुम्हालाच टोचेल, आणि ज्याला पुन्हा दाखल व्हावं लागलंय त्या वाचकाला आजच टोचतंय. एखाद्या साध्या तारखेला थांबा: त्या दिवशी कोणत्या गोळ्या चालू होत्या, कामाला गेलात का, कोण बोलत नव्हतं.

आधी पुस्तक नको. त्या एका दिवसाचा दीड हजार शब्दांचा लेख करा आणि दिवाळी अंकाकडे पाठवा; उन्हाळा संपेपर्यंत पाठवलात तर संपादकाला वाचायला सवड असते. पैसे मागणाऱ्या प्रकाशकापासून सावध राहा. किती प्रती, कुठे विकणार, हक्क कुणाकडे, हे लेखी घ्या. स्वतः छापायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून लेखकालाही मोफत मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

छापून आल्यावर फोन येतात, आणि ते बहुधा रात्रीच येतात. "माझ्या पोराला पण असंच होतं, तुम्ही कोणती गोळी घेता?" गोळीचं नाव सांगू नका. ऐकून घ्या, जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायला सांगा, १४४१६ द्या. पुस्तकावर स्वतःचा मोबाईल नंबर छापू नका, पत्ता किंवा ईमेल पुरे. नऊनंतर फोन बंद ठेवा, तुमची झोप अजूनही औषधाइतकीच गरजेची आहे.